डबी उघडली म्हणजे गोळी घेतली

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा आमच्या दादरच्या इमारतीत दोन तट पडले. एक म्हणे, हिचं नवऱ्याशी पटत नसणार. दुसरा म्हणे, पटत असणार, नाहीतर त्याने हिला एवढं उंडारू दिलं नसतं. मी दोन्ही तटांना आळीपाळीने चहाला बोलावलं आणि कुणाचीच खात्री होऊ दिली नाही. विषय विचारला तर मात्र खरं सांगायचे: गरीब देशांत तंत्रज्ञानाने माणसांचं भलं होतं का, आणि होत असेल तर ते नेमकं कशामुळे होतं. यावर तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले होते, "लिफ्ट बंद आहे चार महिने, ते आधी बघा."

माझे गाइड माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. परदेशात शिकून आलेले, सज्जन, आणि बोलायला लागण्याआधी चष्मा काढायची सवय असलेले. बोलून झालं की पुन्हा घालायचे. त्यामुळे बोलताना त्यांना समोरचा माणूस कधी दिसलाच नाही. पहिल्या बैठकीत त्यांनी मला क्रिटिकल रिअ‍ॅलिझम शिकवला. जगाला तीन थर आहेत म्हणाले. एक आपल्याला दिसतं ते. दुसरं, आपण बघत असू-नसू, प्रत्यक्षात घडतं ते. आणि तिसरं सगळ्यात खालचं: जे हे सगळं घडवतं. ते डोळ्यांनी दिसत नाही, पण असतं. संशोधकाचं काम तिथपर्यंत उतरायचं.

मी तरुणपणी लालबाग-परळच्या मंडळांच्या नाटकांत कामं केली होती. हवालदार, भूत, दुसरी बायको, जे मिळेल ते. मी म्हटलं, "सर, म्हणजे असं बघा. प्रेक्षकाला राजवाडा दिसतो. प्रत्यक्षात राजवाड्याचा खांब कलंडलेला असतो आणि राजा तो पाठीने तोलून धरून भाषण करत असतो. आणि खांब का कलंडतो? तर मंडळाच्या अध्यक्षाने आदल्या दिवशी सुताराला चारचौघांत चोर म्हटलेलं असतं."

सरांनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काढला. "एक्झॅक्टली," म्हणाले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मला अभ्यासाला मिळालं ते यंत्र एवढंसं होतं. टी.बी.च्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी. रोज सकाळी आठ वाजता ती पिपी करायची. झाकण उघडलं की आतली चिप कुठेतरी वर्दी द्यायची आणि दवाखान्यातल्या पडद्यावर त्या पेशंटच्या नावापुढे एक हिरवा चौकोन उमटायचा. नाही उघडलं तर लाल. लाल चौकोन सलग आले की दवाखान्याची बाई घरी यायची. पूर्वी पेशंटला रोज दवाखान्यात जाऊन बाईंसमोर गोळी गिळावी लागे. आता मधली बाई गेली आणि तिच्या जागी डबी आली. पेशंटचा हेलपाटा वाचला, दवाखान्याचं मनुष्यबळ वाचलं. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन.

पडद्यावर बहुतेकांच्या ओळी हिरव्या-लाल ठिपक्याठिपक्यांच्या होत्या. घोडपदेवच्या एका चाळीतल्या एका बाईची ओळ मात्र सलग हिरवी. एक लाल नाही. प्रकल्पवाले पाहुण्यांना तीच ओळ दाखवायचे. सर म्हणाले, "इथे यंत्र चाललंय. का चाललंय ते शोधा."

मी गेले. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी खोली. बाई चाळिशीच्या आतली, विधवा, बारावीत शिकणारी एक मुलगी. पोळी-भाजीचे डबे करायची. परळच्या ऑफिसांतून जायचे. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची आणि त्यावर मुलीची वर्षाची फी निघायची. पहिल्याच दिवशी मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं. ते कंटाळवाणं असतं म्हणून मी जरा आवाज लावून वाचलं: "आपण आम्हांस जे सांगाल ते गुप्त राहील, दवाखान्यासही कळविले जाणार नाही!" बाई हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही कोर्टात होता का?"

"नाटकात."

"मग बरोबर. कोर्टात एवढं छान नाही बोलत."

सही करताना तिने मला एकच गोष्ट पुन्हा विचारली. "चाळीत कुणाला नाही ना कळणार? डब्यांची गिऱ्हाईकं आहेत. पोळीवालीला टी.बी. म्हटल्यावर कोण खाईल?" म्हणूनच तिने डबी आनंदाने घेतली होती. चौकोन हिरवे राहिले तर दवाखान्याची बाई फाइल घेऊन चाळीचा जिना चढणार नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम आठच्या आधी पोचले. तिच्या तव्यावर पोळी फुगत होती, परातीत पोळ्यांचा ढीग, मुलगी डबे भरत होती. आठ वाजले. पिपी झालं. पण ते या खोलीत झालंच नाही. भिंतीपलीकडे झालं.

मी गॅलरीतून शेजारच्या दारात डोकावले. तिथे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीच्या बुशशर्टात टेबलासमोर उभे होते. त्यांनी डबी उघडली, पानाला चुना लावावा तेवढ्या काळजीने गोळ्या स्टीलच्या वाटीत काढल्या, वर झाकणी ठेवली, डबी मिटली. मग मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

मला हसू आवरेना. "काका, तुम्ही पेशंट आहात?"

"मी? माका काय झालां? मी बदली."

हे काका पंचवीस वर्षं गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग. उमेदवारीची कैक वर्षं त्यांनी बदली कामगार म्हणून काढली होती. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर उभं राहायचं. मूळ मालवणकडचे, पण मालवणी अर्धीअधिक मुंबईत विरघळलेली. मला खुर्ची देऊन त्यांनी सगळं समजावलं.

"आठ वाजता तिचे हात पिठात. ती डबी बोंबलत राहणार, पोरगी घाबरणार, बाहेर कोणीतरी विचारणार काय वाजता तां म्हणून. मी म्हटलं, बाय, दी हयसर. माणूस नाय इलो तर बदली उभो रवता. पण साचो बंद पडता नये."

"कधी चुकलं नाही?"

"म्याडम," काका दुखावले, "मी गिरणीत पंचवीस वर्षांत एक मिनिट लेट नाय."

मग ती झाकलेली वाटी घेऊन ते शेजारी गेले, ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवली. बाई म्हणाली, "काका, चहा टाकते." काका म्हणाले, "आधी गोळी." ती म्हणाली, "पोळ्या झाल्या की लगेच." काका म्हणाले, "बरां," आणि परत आले.

मी त्या दिवशी घरी तरंगत आले. पडद्यावर हिरवा चौकोन दिसतो. प्रत्यक्षात तो शेजारचा माणूस काढतो. आणि हे घडवतंय काय? तर बंद पडून काळ लोटलेल्या गिरणीची एक शिस्त, जी एका म्हाताऱ्याच्या अंगात मुरून बसली होती आणि प्लॅस्टिकच्या पिपीने उठून उभी राहिली. यंत्र थांबू द्यायचं नाही, माणूस कोणीही चालेल! मी हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही. "तुमचा प्रबंध झाला," म्हणाले.

आता पुढचं सांगते.

मी दर आठवड्याला जात राहिले. तिच्याकडे बसायला मजा यायची. आम्ही दोघी मिळून चाळीतल्या सगळ्यांच्या नकला करायचो. एक मला विचित्र वाटायचं: ती मधूनच मिक्सर लावायची. चटणी नाही, वाटण नाही, भांडं रिकामं, आणि मिक्सर घरघर घरघर. तेवढ्यात ती भिंतीकडे तोंड करायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. ती खोकत होती. खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर.

नवरात्र नुकतंच सरलं होतं. ती खाली वाण्याकडे गेली होती आणि मी चहा टाकायला घेतला. साखर संपली होती म्हणून फळीवरचा गुळाचा डबा काढला. उघडला तर आत गोळ्या. लालसर, पांढऱ्या, दिवसादिवसाच्या पुड्या कागदात नीट बांधलेल्या. डबा अर्ध्याच्या वर भरला होता.

ती दारात उभी होती. पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"फेकवत नाहीत हो ताई," ती म्हणाली. "औषध आहे. फेकायचं कसं?"

मग तिने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. गोळी घेतली की दोन तास मळमळतं. तेलाचा वास आला की उलटी. एकदा परातीवर ओणवी असतानाच भडभडून आलं, मुलीने तोंडाला पातेलं लावलं म्हणून कणीक वाचली. शिवाय लघवी केशरी होते. चाळीचा सामाईक संडास, मागून येणाऱ्याने बघितलं तर? घामसुद्धा रंगतो असं दवाखान्यात सांगितलं होतं. "हाताचा घाम पोळीला लागला आणि पोळी केशरी झाली तर? शिऱ्यात खपेल, ताई, पोळीत कशी खपेल?" यावर आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. ते मला आता सहन होत नाही.

"दिवाळीचा फराळ एकदा होऊ दे," ती म्हणाली. "मग नेमाने घेते. तोपर्यंत कुणाला सांगू नका. काकांना तर अजिबात नको. त्यांना वाटतं मी घेते."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला काही जड गेलं नाही, कारण तो मी आधीच सही-शिक्क्यानिशी दिलेला होता, चांगला आवाज लावून.

सरांना मात्र सांगितलं. ते अस्वस्थ झाले. म्हणाले, गुप्ततेचं कलम आहे, पण जिवाला धोका असेल तर अपवाद करता येतो. तो अपवाद आपण दोघांनी परस्पर ठरवायचा नसतो. विद्यापीठाच्या नीतिसमितीला पत्र लिहू. पत्र गेलं. समितीची बैठक दिवाळीनंतर होती. आता मला थांबायला लेखी कारण मिळालं.

आणि खरं सांगायचं तर मला थांबायचंच होतं. काय सुंदर प्रकरण होतं ते! हिरव्या चौकोनाखाली बदली, बदलीखाली गुळाचा डबा, आणि डब्याखाली आणखी एक थर. ज्या लाजेपोटी ती डबी वापरायला तयार झाली, त्याच लाजेने तिच्या गोळ्या डब्यात गेल्या. मी ते लिहीत होते आणि लिहिताना मला पोटात गुदगुल्या होत होत्या. मी दवाखान्यात गेले असते तर दुसऱ्या दिवशी ती ओळ लाल झाली असती आणि प्रकरण संपलं असतं.

अगदीच काही केलं नाही असं नाही. मी तिला म्हटलं, जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होईल. केळी नेऊन दिली. माझ्या भिडेखातर तिने चार दिवस घेतल्या, मग तीन दिवस नाही, मग दोन दिवस घेतल्या. मी खूश. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं मला वाटलं. या आजारात अशी धरसोड अगदीच न घेण्यापेक्षा वाईट ठरू शकते. जंतू मरत नाही, शिकतो. हे मला एका डॉक्टरने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. मी वाटेत कुणाही डॉक्टरला विचारू शकले असते. मी समाजशास्त्राची होते, औषधाकडे बघतच नव्हते. मी अर्थाकडे बघत होते.

दिवाळीच्या आधी एका परिसंवादात मी हे सादर केलं. नावगाव काही नाही, "एक चाळ, एक स्त्री." गुळाचा डबा मी त्यात घेतला नव्हता, तो पुढच्या लेखासाठी राखला होता. पण काकांचं सगळं केलं, बुशशर्टाची कॉलर ओढण्यापासून. "साचो बंद पडता नये!" म्हटल्यावर सभागृह हसून हसून कोसळलं. एक परदेशी बाई डोळे पुसत होत्या. जेवणाच्या रांगेत चारजणांनी मला पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलं आणि मी म्हणून दाखवलं.

धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी फोन आला. मुलीचा होता, पण बोलत काका होते. करंज्या तळताना बाईला खोकला आला, मिक्सरपर्यंत हात पोचला नाही, आणि ओट्यावर रक्त पडलं. मुलीने आधी करंज्यांचं ताट बाजूला सरकवलं. आई तेच ओरडत होती म्हणून.

टी.बी.च्या इस्पितळात तिला कॉट मिळाली. तपासणीत निघालं की पहिल्या फळीची औषधं आता तिला लागू पडत नाहीत. तरुण डॉक्टरने डबीची नोंद मागवली, मोबाइलवर ती ओळ उघडली आणि माझ्यासमोर धरली. अखंड हिरवी. "हे कसं शक्य आहे?" तो म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं, थर न पाडता. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि पुढच्या कॉटकडे गेला.

चाळीला अर्थात कळलंच. डबे आठवड्यात बंद झाले. फराळाच्या ऑर्डरी लोकांनी फोन करून रद्द केल्या, काहींनी फोनही केला नाही. जे टाळण्यासाठी तिने सगळं केलं होतं ते सगळं झालं, आणि आजारही बळावला.

नवी औषधं सुरू झाली. मी मास्क लावून जायचे. ती मला काही बोलली नाही, एकदा सोडून. म्हणाली, "ताई, एखादी नक्कल करा ना. पण चाळीतल्या कुणाची नको." मी आमच्या हेडक्लार्कची केली, लिफ्टवाली. हसताना तिला धाप लागली आणि नर्सने मला बाहेर काढलं.

नीतिसमितीचं उत्तर डिसेंबरात आलं. त्यांनी अपवादाला परवानगी दिली होती.

फेब्रुवारीत ती गेली.

तेराव्याला मी चाळीत गेले. मुलगी मावशीकडे राहायला जायची होती, खोलीत दोन बोचकी बांधून ठेवली होती. काका गॅलरीत स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात गंजिफ्रॉक. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी कठड्याला टेकून उभी राहिले.

"मी रोज वाटी नेऊन ठेवी," ते म्हणाले. "रोज. रिकामी वाटी ती धुवून परत देई. मला वाटलं…"

"तुमची काही चूक नाही, काका."

"तुमका कधीपासून माहीत होतं?"

नाटकात काम केलेल्या माणसाला खोटं बोलणं अवघड नसतं. मी तीन उत्तरं मनात जुळवली, तिन्ही चांगली होती.

"दसऱ्यानंतर," मी म्हटलं.

ते खाली चौकाकडे बघत राहिले. तिथे नळावर कुणाचं तरी भांडण लागलं होतं. मग म्हणाले, "माका सांगायचंत ना. मी बसलो असतो तिच्यासमोर, गोळी घशाखाली उतरेपर्यंत. उलटी झाली असती तर पातेलं धरलं असतं. मला दुसरं काय काम होतं?"

ते उठले, आत गेले, आणि दार ओढून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. मी जिना उतरले तेव्हा नळावरचं भांडण मिटलं होतं आणि बायका मला वाट देण्यासाठी हंडे बाजूला सरकवत होत्या.